सिरीने ती ट्रायल का दिली असेल?

रविवार, रात्री उशिरा

‘द विचर ४’ या गेमचा डिसेंबर २०२४चा ट्रेलर आज पुन्हा लावला आणि नेहमीच्याच जागी थांबवला. गेमची नायिका सिरी अर्काची बाटली घशाखाली रिकामी करते, चेहऱ्यावर काळ्या शिरा उमटतात. डोळ्यांच्या बाहुल्या मांजरासारख्या उभ्या, आधीच्या गेमांचा नायक, तिला वाढवणारा विचर (म्हणजे राक्षस मारणारा) गेराल्ट, त्याच्या होत्या तशा. ‘विचर ३’मध्ये तिचे डोळे साधे, माणसाचे होते. म्हणजे मधल्या काळात ती ट्रायल ऑफ द ग्रासेसमधून, माणसाचं शरीर बदलून विचर बनवणाऱ्या त्या जीवघेण्या विषारी अर्कांच्या परीक्षेतून गेली. हे निर्मात्यांनीही मान्य केलंय. कशी गेली, ते मात्र गुलदस्त्यात आहे.

सगळे त्या ‘कशी’वरच तुटून पडलेत. मुली त्यातून वाचत नाहीत, मोठ्या वयात ती होत नाही, केर मोरहेन या विचरांच्या गडावरच्या हल्ल्यानंतर ती विद्याच बुडाली, वगैरे. पण ‘विचर ३’मधला, शापाने वेडावाकडा झालेला उमा आठवतोय ना? त्याच्यावरचा शाप उतरवायला जादूगारीण येनेफरने केर मोरहेनमध्येच ही ट्रायल पुन्हा मांडली होती, म्हाताऱ्या विचर वेसेमीरच्या देखत. आणि उमाच्या रूपातून बाहेर आला तो एल्फ अव्हलाख, वयाने केवढा तरी मोठा. विद्या पुरती बुडालेली नाही. त्यामुळे ‘कशी’ची मला चिंता नाही, मला छळतो तो ‘का’. एका जगातून दुसऱ्या जगात सहज पाऊल टाकणारी मुलगी ती. तिने हे विष का घ्यावं?

माझी थिअरी अशी, की विचरांना मूल होत नाही, यातच उत्तर आहे. गेराल्टच्या गोष्टीत हे जाता जाता येतं, पण सिरीच्या बाबतीत तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिच्या मागे कोण कोण लागलं आणि कशासाठी, ते आठवा. नील्फगार्डच्या सम्राटाला तिच्याशी लग्न करून वारस हवा होता, आणि तो तिचा सख्खा बाप! एल्फांच्या राजाकडून तिला मूल व्हावं म्हणून तिला अडकवून ठेवलं. जादूगार व्हिल्गेफोर्ट्झ तर तिची वार (प्लॅसेंटा) काढून घ्यायला निघाला होता. लॉज या गुप्त मंडळाच्या जादूगारणींनी तिला कोविरच्या राजपुत्राच्या गळ्यात बांधायचा घाट घातला. त्या पोरीशी कुणालाच काही देणंघेणं नव्हतं, प्रत्येकाचा डोळा तिच्या कुशीवर. अशा मुलीने एक दिवस ठरवलं असेल, की हा वंश माझ्यापाशीच थांबेल. मग ट्रायलचा अर्थच बदलतो.

मावसभावाला फोनवर हे सांगितलं तर म्हणाला, “ताई, एवढं काही नाही गं. ती टेलिपोर्ट करत फिरली तर लढाईत मजा काय राहणार? तिला लेव्हल एकवर आणायची होती, म्हणून डोळे बदलले.” असेलही. पण गेम बनवणाऱ्यांची अडचण वेगळी आणि सिरीचं स्वतःचं कारण वेगळं. ते दुसरं कारण कथेत सापडलं नाही, तर मला फार वाईट वाटेल.

आणि नेमकं कोविर! जून २०२५च्या टेक डेमोमध्ये सिरी घोडीवरून वाल्ड्रेस्ट बंदरात शिरते, ते याच राज्यातलं. जिथे तिला सून म्हणून पाठवायचं ठरलं होतं, तिथे ती तलवार लावून येते. नोविग्राड शहरात जादूगारांना जाळायला लागले, तेव्हा जादूगारीण ट्रिस त्यांना घेऊन कोविरलाच निघाली होती. ट्रायल पार पाडू शकतील अशी माणसं तिथे असणारच. सिरी लहान असताना, पोरीला कसले कसले अर्क पाजता म्हणून याच ट्रिसने विचरांना फैलावर घेतलं होतं. आणि पुढे सिरीचं भवितव्य ठरवणाऱ्या लॉजमध्येही ती होतीच. सिरीने तिच्याच दारात जाऊन ट्रायल मागितली असेल, तर त्या दोघींचं बोलणं मला शब्दन् शब्द ऐकायचंय.

ट्रेलरमधली गावातली मुलगी मिओनीही मला यामुळेच वेगळी दिसते. गावाच्या भल्यासाठी एका मुलीचा बळी द्यायचा, हे गावाने परस्पर ठरवलेलं. सिरी बाउक या राक्षसाला मारून येते, तोवर गावकऱ्यांनीच मिओनीला संपवलेलं असतं. सिरीच्या चेहऱ्यावरचा तो संताप नुसता विचरचा नाही.

राहिलं लिंक्सचं, म्हणजे त्या रानमांजराचं पदक; विचरांच्या प्रत्येक शाळेचं असं एका प्राण्याचं पदक असतं. मार्च २०२२मध्ये बर्फात रुतलेल्या पदकाचं चित्र आलं, तेव्हा मांजर की लिंक्स यावर किती भांडलो होतो आम्ही! लिंक्सची शाळा याआधी ना कादंबऱ्यांत, ना गेममध्ये. ती सिरीनेच काढली असेल, तर तिच्या हाताखाली पोरं असतील, गेराल्टने तिला सांभाळलं तशी तिने सांभाळलेली. गेम आला की आधी हेच शोधणार, लिंक्सचं दुसरं पदक कुणाच्या गळ्यात आहे.