शिकारीच्या पहिल्या दिवशी आलेली दोन मुले

थँक्सगिव्हिंग या नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या आधीच्या शनिवारी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरणे मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. मी पशुवैद्य आहे आणि या हंगामात माझे काम हरणांच्या मुंडक्यांशी असते. शिकाऱ्यांनी आणलेल्या हरणाच्या घशामागच्या दोन लसिकाग्रंथी काढायच्या, दातांवरून वयाचा अंदाज बांधायचा, हरीण कुठे मारले ते नकाशावर टिपायचे आणि नमुना प्रयोगशाळेकडे पाठवायचा. हे सारे चालते ते ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ या आजारासाठी. २००२ साली तो या राज्यात, मॅडिसन शहराच्या पश्चिमेला माउंट होरेबच्या परिसरात, पहिल्यांदा सापडला. त्यापूर्वी मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तो कुठेही आढळला नव्हता. त्याच्यामागे विषाणू किंवा जिवाणू नसतो. चुकीची घडी पडलेली प्रथिने, म्हणजे प्रायॉन, मेंदूत साचत जातात, जनावर खंगत जाते आणि शेवटी मरते. त्यावर औषध नाही, लस नाही, आणि मांस कितीही शिजवले तरी प्रायॉन नष्ट होत नाहीत. माणसाला त्याची बाधा झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, तरी बाधित जनावराचे मांस खाऊ नये असाच सल्ला दिला जातो. राज्याच्या नैर्ऋत्य भागात काही ठिकाणी आता प्रौढ नरांपैकी तीनांत एकाहून अधिक बाधित निघतात.

मी मराठवाड्यातल्या माळकरी घरात वाढले. परभणीला पशुवैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर गावाकडच्या दवाखान्यात काम करताना माझ्याकडे हरीण यायचे ते कुत्र्यांनी फाडलेले किंवा विहिरीत पडलेले काळवीट म्हणूनच, आणि त्याला वाचवणे एवढेच माझे काम असे. काळविटांचे कळप सोयाबीन फस्त करीत असल्याचे पाहिलेले शेतकरीही त्याच्यावर हत्यार उगारत नसत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची भीती होतीच, पण त्याच्या जोडीला मुक्या जिवाचे पाप नको ही भावनाही होती. राखणीला माळ्यावर बसवलेल्या पोरांना गोफण चालवायला शिकवत, ती जनावर पळवून लावण्यासाठी. त्यामुळे इथे आले तेव्हा, दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती बंदूक देऊन त्याला हरणावर नेम धरायला शिकवणारे आईवडील मला समजेनात. आज ते समजतात. ज्या दिवसाविषयी मी लिहीत आहे, त्याचा त्यात मोठा वाटा आहे.

त्या शनिवारी आमचे टेबल मांस कापून देणाऱ्या एका दुकानाच्या अंगणात मांडलेले होते. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून गोळी झाडण्याची मुभा असते, त्यामुळे सकाळी नवाच्या सुमारास गाड्यांची रांग लागली. भडक नारिंगी जाकिटे घातलेली माणसे, मागच्या हौद्यात पोट साफ करून ठेवलेली हरणे आणि गोठवणारी हवा. त्या रांगेत एक कुटुंब होते: आजोबा, वडील, तेरा वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांची मुलगी. हरीण मुलीने मारले होते.

मी जबडा उघडून पाहिला. पाडसाला दाढांच्या रांगेत चार किंवा पाच दात असतात, दीड वर्षाच्या हरणाला सहा असतात आणि त्यातला तिसरा तीन उंचवट्यांचा दुधाचा दात असतो. तो पडून त्याच्या जागी दोन उंचवट्यांचा पक्का दात आलेला असला, की जनावर अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे समजायचे. ही मादी अडीच वर्षांची होती आणि अंगाने भरलेली होती. मुलगी टेबलाच्या कडेला उभी राहून सगळे पाहत होती. तिचे डोळे रडून लाल झाले होते, पण ती मागे सरकत नव्हती. “काय काढता तुम्ही?” तिने विचारले. मी स्वरयंत्राच्या मागून आडवा छेद घेतला, बोटाने चाचपून बदामाएवढी ग्रंथी बाहेर काढली आणि हातमोजे दिल्यावर तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती बराच वेळ निरखली आणि मग दुसरी कुठे आहे ते विचारले.

आजोबांनी सकाळची हकिगत सांगितली. गोळी लागल्यावर मादी झाडीत शिरली, तेव्हा नात लगेच मागे धावायला निघाली होती; त्यांनी तिला अर्धा तास मचाणावरच बसवून ठेवले. जखमी जनावराच्या मागे लगेच गेले तर ते जीव घेऊन दूरवर पळते आणि हालहाल होऊन मरते, तिथेच राहू दिले तर जवळच पडते. त्या अर्ध्या तासात ती रडली. त्यांनी तिची समजूत काढली नाही, नुसते शेजारी बसून राहिले. नंतर रक्ताचा माग तिनेच काढला आणि पोट साफ करतानाही तिनेच हात लावला. “रडू आले नसते तर मला काळजी वाटली असती,” ते म्हणाले. मला हे गृहस्थ मनापासून आवडले.

मुलगा मात्र गाडीला टेकून लांब उभा होता. कागदावर नोंदी करताना मी वडिलांना सहज विचारले, की त्यालाही हरीण मिळाले का. वडिलांचा चेहरा उतरला. सात वाजण्याच्या सुमारास त्याच्यासमोर चाळीस पावलांवर एक मादी येऊन उभी राहिली होती आणि तिच्यामागे त्या वर्षीचे पाडस होते. मुलाने नेम धरला, मग बंदुकीचा सुरक्षेचा खटका पुन्हा लावला आणि “मी मारणार नाही” म्हणाला. “वर्षभर शिकवले त्याला,” वडील रांगेतल्या माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आणि बहिणीने करून दाखवले ते याला जमले नाही.”

त्यावर आजोबा बोलले. त्यांच्या वडिलांनी त्यांना मादीवर नेम धरूच दिला नसता, असे ते म्हणाले. विस्कॉन्सिनच्या शिकाऱ्यांमध्ये हा जुना वाद आहे. विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे आल्डो लिओपोल्ड यांनी १९४० च्या दशकात, वाढलेली हरणे उपासमारीने मरण्याआधी माद्याही माराव्या लागतील, असा आग्रह धरला, आणि १९४३ साली तशी परवानगी दिली गेली तेव्हा शिकाऱ्यांनीच गहजब केला. शिंगे असलेला नर मारावा, आई मारू नये, हे पिढ्यानपिढ्या मुलांना शिकवलेले होते. आज माद्या माराव्यात म्हणून सरकारच परवाने देते, कारण लांडगे आणि प्यूमा दक्षिण भागातून नाहीसे झाल्यावर हरणांवर दुसरा वचक उरलेला नाही. मुलाने आपल्या पणजोबांचाच नियम पाळला होता, आणि तो त्याला कोणी सांगितलाही नव्हता.

मला त्या क्षणी मराठवाड्यातले फासेपारधी आठवले. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्याविषयी नोंदवून ठेवले आहे, की फासात पाडस किंवा गाभण मादी अडकली तर ते तिला सोडून देत. त्यांची मुलेही हे बापाच्या मागे रानात हिंडूनच शिकत. पण इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने पारध्यांसारख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी केली, आणि १९७२ नंतर त्यांचा पिढीजात उद्योगच गुन्हा झाला. वन्यप्राणी वाचवण्यासाठी तो कायदा आवश्यक होता याविषयी मला शंका नाही. तरीही जे कौशल्य इथल्या मुलाला प्रमाणपत्र मिळवून देते, त्याच कौशल्यापायी तिथल्या मुलाच्या बापाला पोलिसांनी उचलून नेलेले मी पाहिले आहे, आणि हा अन्याय मला आजही बोचतो.

विस्कॉन्सिनमध्ये १९६७ पासून शिकाऱ्यांसाठी सुरक्षिततेचे वर्ग चालतात, आणि १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला, जाणत्या सोबत्याच्या देखरेखीशिवाय शिकार करायची असेल तर, परवान्यासाठी सहसा ते प्रमाणपत्र लागते. वर्गात मुलांकडून चार नियम घोटून घेतात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची, नळी नेहमी सुरक्षित दिशेला ठेवायची, आपण कशावर नेम धरला आहे आणि त्याच्या पलीकडे काय आहे याची खात्री करायची, आणि गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाच्या कडीबाहेर ठेवायचे. यांतला एकही नियम गोळी कशी झाडावी हे सांगत नाही. चारही आवरण्याचे नियम आहेत. म्हणून त्या मुलाला काही जमले नाही, हे वडिलांचे म्हणणे मला पटणारे नव्हते. मी वडिलांना तसे सांगितले. नमुने घेणाऱ्या बाईने कौटुंबिक गोष्टीत बोलू नये हे मला कळत होते, पण मुलगा ऐकत होता आणि गप्प राहणे मला शक्य नव्हते. वडील रागावले नाहीत. त्यांची व्यथा वेगळी होती. वडिलोपार्जित जंगलातली खोपटवजा केबिन, तिथे हंगामात जमणारे चुलते-मामे, आणि एका मादीपासून घरात येणारे अठरा-वीस किलो मांस, ज्यावर त्यांचा हिवाळा निघतो, हे सगळे पुढे कोण चालवणार, असे त्यांनी विचारले. जुने शिकारी वयामुळे घरी बसत आहेत आणि नवे फारसे येत नाहीत, हे मलाही टेबलापलीकडून दिसते.

मात्र एका बाबतीत मी इथल्या कायद्याशी सहमत नाही. २०१७ पर्यंत जाणत्या सोबत्याच्या देखरेखीखाली शिकार करायलाही निदान दहा वर्षांचे वय लागत असे. त्या वर्षी ती अट काढून टाकली गेली, आणि लगेचच वर्ष न भरलेल्या बाळांच्या नावावरही परवाने काढले गेल्याच्या बातम्या आल्या. सोबत्याने हाताच्या अंतरावर राहावे ही अट आहे, पण पाच वर्षांचे मूल ‘नको’ म्हणू शकत नाही. वडिलांना आवडेल तेच ते करते. या मुलाने ‘नको’ म्हटले ते तेरा वर्षांचा होता म्हणून, आणि मला वयाची अट हवी आहे ती याचसाठी.

मॅडिसनमधल्या एका मराठी मैत्रिणीने आपल्या मुलाविषयी मला याच सुमारास विचारले होते, “ताई, वर्गातल्या मित्रांबरोबर हा त्या सुरक्षिततेच्या वर्गाला जायचे म्हणतोय. पाठवू का?” साताऱ्याहून आलेल्या तिच्या सासूबाई फोनवर मागून म्हणत होत्या, “अगं, लेकराच्या हातात बंदूक कसली देता?” मी तिला पाठव म्हणून सांगितले. ज्या मित्रांच्या घरी तो खेळायला जातो तिथे बंदुका असतातच, आणि त्या कशा हाताळायच्या, कशाला हात लावायचा नाही, हे त्याला कळलेले बरे. हरणावर गोळी झाडायची की नाही हे त्याचे त्याला नंतर ठरवू दे. सासूबाईंना ते पटले नाही, आणि त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही.

हंगाम संपल्यानंतर निकाल आले. मुलीची मादी बाधित निघाली. अशा वेळी शिकाऱ्याला फोन करून सांगावे लागते आणि ते काम माझ्याकडेच आले. वडिलांनी स्पीकर चालू केला आणि दोन्ही मुलांना बोलावून घेतले. मांस खाऊ नका, ते जंगलात टाकू नका, पिशव्यांत बांधून कचरा डेपोकडेच जाऊ द्या, सुऱ्यांवर मांसाचा कण राहणार नाही अशा धुऊन मग ब्लीचच्या पाण्यात बुडवून ठेवा, असे मी सांगत असताना मुलगी मध्येच म्हणाली, “म्हणजे मी तिला उगाचच मारले?”

मी थोडा वेळ घेऊन उत्तर दिले. ती मादी वरून धडधाकट दिसत होती, पण आजार आत होता. लक्षणे दिसू लागली की जनावर काही महिन्यांत खंगून मरते, आणि तोवर लाळेतून, मलमूत्रातून इतरांना आजार देत राहते. तिच्या नमुन्यामुळे तुमच्या दरीत आजार पोहोचला आहे हे आम्हाला कळले. पण तुझ्या घरी ते मांस कुणी खाणार नाही हे खरे आहे, आणि त्याचे तुला वाईट वाटत असेल तर ते वाटणे योग्यच आहे, असेही मी म्हणाले. ती “ठीक आहे” म्हणाली, पण तिचे समाधान झाले असे मला वाटले नाही.

मग मुलाचा आवाज आला. “मी सोडली ती मादी पण आजारी असेल का? आणि ते पाडस?”

त्याला मी खोटा दिलासा देऊ शकत नव्हते. एका भागातल्या माद्या बहुधा एकमेकींच्या नात्यातल्या असतात, एकत्र चरतात, एकमेकींना चाटतात. त्यामुळे तसे असू शकते, पण तपासल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, आणि जिवंत रानहरणाची तपासणी आम्ही इथे करीत नाही, असे मी त्याला सांगितले. त्याने पाडसाला आजार किती दिवसांत होतो, तो आईकडूनच होतो की मातीतूनही होतो, असे एकामागून एक प्रश्न विचारले. मातीत प्रायॉन वर्षानुवर्षे टिकून राहतात हे ऐकून तो गप्प झाला.

बाधित हरणाच्या बदल्यात दुसऱ्या हरणाचा परवाना मिळू शकतो, असे मी शेवटी सांगितले. वडिलांनी लगेच हो म्हटले नाही. ते मुलांकडे वळून, काय करायचे, असे विचारताना मला ऐकू आले. मुलगी म्हणाली, घ्या, पण या वेळी आजोबांनी मारावे, मी सोबत जाईन. मुलाने, तो केबिनवर येईल पण बंदूक घेणार नाही, आणि मुंडके तपासणीला तोच घेऊन येईल, असे सांगितले. वडील म्हणाले, “चालेल,” आणि परवान्याचा अर्ज कुठे करायचा ते मला विचारू लागले.