तुम्ही विचारलंत म्हणून: चाकं एवढी बाहेर कशाला?

वॉचमन, बायकोचे मामा, पेट्रोल पंपावरचा पोरगा, सगळ्यांचं एकच: “मुंबईत गाडी खाली बसवून वर एवढी रुंद चाकं कशाला?” भांडुपला राहतो मी. खड्डे आणि उखडलेले पेव्हर ब्लॉक मलाही दिसतात. गाडीतल्या फेरफारांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सुद्धा ठाऊक आहे, आरटीओची भीती घालू नका.

छान दिसते म्हणून घातली. ग्रिप वाढते असं मीच सांगत फिरायचो; संध्याकाळी जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर रांगत जाणाऱ्या गाडीला कसली ग्रिप!

आणि हिशेब न करता घातली, असं कुणी म्हणू नका. साडेपाच इंची रिमच्या जागी सात इंची, म्हणजे दोन्हीकडे 19 मिलिमीटर. ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यापासून बोल्ट बसतात त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, 45 वरून 35, म्हणजे आणखी 10 बाहेर. एकूण 29. स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं, कुठेही लागत नव्हतं. पाहिलं ते मी एकट्यानेच बसून.

मग जुलैत मामा-मामींना आणायला दादर स्टेशनला गेलो. मागे मामा, मामी, आई, पुढे बाबा, डिकीत तांदळाची गोणी. बाबांनी 31 वर्षं बेस्टची बस चालवली. सायन ओलांडल्यावर ते म्हणाले, “मागे घासतंय.” मी म्हटलं, “पाण्याचा आवाज आहे.” विक्रोळीला पुन्हा म्हणाले. मी गाणं मोठं केलं. हो, वडिलांचा आवाज दाबायला. कांजूरला एका स्पीडब्रेकरवर खर्रकन आवाज झाला आणि जळक्या रबराचा वास आला. बाबा भर पावसात उतरले, वाकून टायरवर हात फिरवला आणि नुसता तो काळा हात मला दाखवला. फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, कडेने टायरचा खांदा सोलून काढला होता, आतल्या तारा दिसत होत्या. मामी रिक्षाने पुढे गेल्या. सायनच्या अलीकडे, दादरच्या बाजूला, रिक्षांना परवानगी नाही; तिथे असतो तर तीही मिळाली नसती.

वजनाने गाडी खाली बसली की पुढची चाकं वरून थोडी आत कलतात, म्हणून वाचतात. माझ्या गाडीला मागे सरळ बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा, आहे. वजन पडलं की चाक तसंच सरळ वर, कडेला भिडतं. हे मला माहीत होतं. मागच्या सीटवर माणसं बसतात, एवढंच धरलं नव्हतं.

नंतर डेंटरकडून कड आत वळवून घेतली. तिथला रंग तडकला, आता गंज धरतोय. गाडी खाली बसवायला बदललेल्या स्प्रिंग काढून कंपनीच्याच परत बसवल्या. चाकं मात्र काढली नाहीत. का, ते मला बाबांनाही सांगता आलं नाही. पार्क करून निघालो की अजून एकदा मागे वळून बघतो.

मागे तिघं बसले की गाणी बंद ठेवतो.