गरोदरपणातला ताप आणि स्क्रब टायफस

गरोदर बाईला ताप आला की घरात सगळ्यांचं पहिलं वाक्य, जास्त गोळ्या नको हां, बाळाला त्रास होईल. माझ्या बहिणीला सहाव्या महिन्यात स्क्रब टायफस झाला तेव्हा आमच्याकडेही हीच धास्ती होती, साहजिकच आहे. पण या आजारात उपचार लांबवणं हेच बाळासाठी जास्त धोक्याचं, गर्भपात होऊ शकतो, बाळ पोटात दगावू शकतं, दिवस भरायच्या आत बाळंतपण होऊ शकतं, आणि आईची फुप्फुसं, किडनी यांच्यावर परिणाम होतो तो वेगळाच.

गवता-झुडपातल्या माइटची, म्हणजे गोचिडीसारख्या बारीक जिवाची, अगदी बारीक अळी चावली की तिच्यातला जंतू अंगात शिरतो आणि हा आजार होतो. चावलेलं कळतही नाही आणि ताप येतो 6 ते 21 दिवसांनी, तोवर गवतात गेलेलं कोणाच्या लक्षात राहणार! चावल्याच्या जागी सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली येते, ती दुखत नाही आणि बहुतेकदा असते काखेत, जांघेत नाहीतर स्तनाखाली, म्हणजे पोट वाढलेल्या बाईला स्वतःला दिसणं अवघडच, म्हणून दुसऱ्या कोणीतरी नीट बघायलाच हवं. खपली सगळ्यांना येतेच असं नाही. प्लेटलेट कमी, लिव्हरचे रिपोर्ट वाढलेले म्हणून डेंग्यू वाटतो, आणि आयजीएम टेस्ट (रक्तातल्या अँटिबॉडी बघणारी) पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा संशय पक्का असेल तर डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता औषध सुरू करतात आणि ते बरोबरच आहे.

एरवी यावर डॉक्सीसायक्लिन देतात, पण ते टेट्रासायक्लिन गटातलं, बाळाच्या दातांवर-हाडांवर परिणामाची भीती, म्हणून गरोदरपणात सहसा अझिथ्रोमायसिन निवडतात, ते या आजारावर चालतं आणि गरोदर बायकांना वर्षानुवर्षं दिलं जातंय. डोस मात्र डॉक्टरच ठरवणार. अँटिबायोटिक चालू आहे एवढ्यावर समाधान मानू नका, कुठलं ते विचारा, कारण अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रियाक्सोन यांचा इथे उपयोग होत नाही, हा जंतू पेशींच्या आत राहतो. योग्य औषधाने ताप बहुतेक वेळा दोनेक दिवसांत उतरायला लागतो, नाही उतरला किंवा दम लागला, बाळाची हालचाल कमी वाटली तर लगेच हॉस्पिटल गाठा.

तापासाठी पॅरासिटामॉल घ्या, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. आणि उलट्यांसाठी ऑनडॅन्सेट्रॉन चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ते आणि अझिथ्रोमायसिन दोन्ही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात.