व्हॅल्प्रोएट नको म्हणजे नको

चिऊची पहिली फिट आम्हाला फिट वाटलीच नव्हती. ताप होता १०१, आणि ती भिंतीकडे बघत म्हणाली आई दिवे लागलेत, लाल-हिरवे. मला वाटलं तापात बरळतेय, कपाळावर घडी ठेवली आणि कुकर लावायला गेले. नंतर कळलं की हिच्या आजारात फिट बरेचदा मेंदूच्या मागच्या भागातून सुरू होते, दिसण्याचं काम जिथे चालतं तिथून, म्हणून ते दिवे.

मग दहा-बारा दिवसांनी उजवा अंगठा उडायला लागला. फक्त अंगठा. टक, टक, टक, पोरगी पूर्ण शुद्धीत, टीव्ही बघत डाव्या हाताने चुरमुरे खातेय आणि अंगठा आपला चालूच, झोपेत पण, दोन दिवस. सासूबाईंनी दृष्ट काढली, शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या. (कांदा, चप्पल काही हुंगवू नका हो. मोठी फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ हॉस्पिटल.)

पहिल्या हॉस्पिटलमध्ये व्हॅल्प्रोएटचं सिरप सुरू झालं. फिट्ससाठी ते सर्रास देतात आणि बहुतेक मुलांना चालतं पण, त्यामुळे दिलं म्हणून माझा राग नाही. राग याचा की पाच आठवड्यांनी उलट्या सुरू झाल्या, पोरगी नुसती पडून राहायला लागली, तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी आम्हीच लॅबमध्ये रक्त दिलं, लिव्हरची एसजीपीटी टेस्ट ४०० च्या वर, म्हणजे खूपच जास्त. दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टनी सिरप त्याच संध्याकाळी बंद केलं आणि जीन टेस्ट पाठवली. पीओएलजी नावाच्या जीनमध्ये बिघाड निघाला.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस हे शाळेत सगळ्यांनीच घोकलंय. त्याचा स्वतःचा डीएनए असतो, त्याच्या कॉप्या काढणारं मशीन या जीनवरून बनतं, आणि हिचं तेच बिघडलंय. मेंदू आणि लिव्हरला एनर्जी भरपूर लागते म्हणून फटका तिथे आधी. आधीच अर्धमेलं लिव्हर, त्यावर व्हॅल्प्रोएट पडलं तर ते पूर्ण बंद पडू शकतं, आणि मग बरेचदा परतीचा रस्ता नसतो. आम्ही वाचलो ते थोडक्यात.

रिपोर्ट आल्यावर एका नातेवाईकांनी गूगल करून सांगितलं की मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात, म्हणजे काय ते समजून घ्या. मला समजलं. आता माझं ऐका, मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएमध्ये जीन्स असतात फक्त ३७, पीओएलजी त्यात नाहीच, तो १५ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो आणि चिऊला एक बिघडलेली कॉपी माझ्याकडून आलीय, एक तिच्या बाबाकडून. दोघंही धडधाकट. प्रत्येक बाळाला धोका २५ टक्के. हे मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, कोणी अंगठा पण दिला नाही.

सध्या लेव्हेटिरासिटाम हे फिटचं दुसरं औषध चालू आहे, उपाशी ठेवायचं नाही, ताप आला की आमची रात्र गेली. रात्री कॅज्युअल्टीत वेगळाच डॉक्टर असतो, त्याला फिट थांबवायची घाई, आणि व्हॅल्प्रोएट इंजेक्शनमध्ये पण मिळतं. म्हणून लॅमिनेट केलेली कार्डं केलीत, वर आजाराचं नाव आणि खाली मोठ्या लाल अक्षरात नो व्हॅल्प्रोएट. एक पर्समध्ये, एक फ्रीजवर, एक दप्तरात, एक व्हॅनवाल्या काकांकडे. काका म्हणाले ताई मला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मागच्या बाजूला मराठीत पण लिहून घेतलंय.