ढालीत रुतलेला भाला

आमचे इतिहासाचे सर रोमवर विनोद करत नसत. रोमन लोकांनीच करून ठेवलेले विनोद ते आम्हाला सांगत. वर्गात हशा पिकायचा, पण त्यामागे प्रत्येक वेळी पुरावा असायचा. असं शिकवणारा माणूस मला पुढे कॉलेजातही भेटला नाही.

'पिलम' हा रोमन सैनिकाचा फेकायचा भाला, साधारण दोन मीटर लांब. पुढची लोखंडी दांडी बारीक असल्यामुळे ढालीत घुसली की बरेचदा वाकायची आणि उपसता यायची नाही. सर एकाच्या हातात ड्रॉइंग बोर्ड देत, त्याला सुतळीने लांब दांड्याची छत्री बांधत आणि म्हणत, "हं, आता लढ की!" त्याची धडपड बघून आम्ही बाकं बडवायचो. मग सर हात वर करून सगळ्यांना गप्प करत. ख्रि. पू. 58 मध्ये रोमन सेनापती सीझरशी लढताना हेल्वेशियन नावाच्या टोळीच्या लोकांची हीच गत झाली, शेवटी ढाली फेकून ते उघड्या अंगाने लढले, हे खुद्द सीझरने लिहिलंय, असं सांगत. त्या क्षणी हसणाऱ्या पोरांना लढाई कळायची.

नागरिकशास्त्राच्या तासाला पॉम्पेई यायचं. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या गावाच्या भिंतींवर निवडणुकीचा प्रचार रंगवलेला सापडला. रस्ते, बाजार यांवर देखरेख करणाऱ्या 'एडाइल' पदासाठी वातिया नावाचा उमेदवार उभा होता. त्याला पाठिंबा कुणाचा? एका भिंतीवर 'रात्री उशिरापर्यंत पिणारे सर्व', दुसरीवर 'झोपाळू', तिसरीवर 'भुरटे चोर'! ही विरोधकांची खोडी की मित्रांची थट्टा, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. सरांनी वर्गाचे दोन गट पाडून आम्हाला त्यावर भांडायला लावलं. पुरावा वाचायचा कसा, हे मी त्या भांडणात शिकलो.

सम्राट व्हेस्पाशियनने मूत्रावर कर बसवला, कारण लोकर धुण्यासाठी मूत्र लागायचं. मुलगा टायटस कुरकुरला, तेव्हा बापाने त्या कराच्या पहिल्या पैशातलं नाणं त्याच्या नाकाशी धरून वास येतो का, असं विचारलं. 'पैशाला वास नसतो' हे वचन त्यावरूनच आलं. विजययात्रेत तर सैनिक आपल्याच सेनापतीची टर उडवणारी गाणी म्हणत. सीझरचं टक्कलही त्यातून सुटलं नाही. सत्तेपुढे असं हसू शकणारी माणसं मला त्या वयात फार आवडली, आजही आवडतात.

एका रविवारी सर आम्हाला कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात घेऊन गेले. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीला सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझमूर्ती तिथे आहे. रोमशी व्यापार चालायचा त्या काळात ती आपल्या कोल्हापुरात आली. शाळेने आता दरवर्षी सातवीच्या मुलांना ती दाखवायला न्यावं. गाडीखर्च आमची बॅच आनंदाने देईल.