दगडाचा तंबू

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून लोकल पकडली आणि मॉर्टलेकला उतरले. तिथल्या सेंट मेरी मॅग्डलेन चर्चच्या आवारात क्रूस आणि शेवाळलेल्या शिळांच्या गर्दीत एक अरबी तंबू उभा आहे. दगडाचा, सुमारे अठरा फूट उंच. कापडाच्या चुण्या इतक्या हुबेहूब कोरल्यात की हात लावल्यावाचून राहवेना. दगड पावसाने गार पडला होता.

ही एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज प्रवासी-लेखक रिचर्ड बर्टनची कबर. १८९० साली तो आजच्या इटलीतल्या ट्रिएस्टला वारला, तेव्हा बायकोने, इझाबेलने, ती बांधून घेतली. मागे लोखंडी शिडी आहे. चढून काचेला कपाळ टेकवलं, तर आत दोघांच्या शवपेट्या, दिवे आणि टांगलेल्या उंटांच्या घंटा दिसल्या.

बर्टन मुंबईच्या फौजेतला, कंपनीची मराठीची परीक्षा पास झालेला अधिकारी. १८५३ साली रजा काढून तो मक्केला गेला. मुसलमान नसलेल्याला तिथे मज्जाव, म्हणून हाजी बनून. आधी इराणी मिर्झा, मग हिंदुस्थानात वाढलेला पठाण हकीम अब्दुल्ला. अरबी बोलताना कुठे चुकलं, तर हिंदुस्थानातला म्हणून खपून जावं, हा हिशेब. त्याच्या धाडसाचं आणि भाषेवरच्या हुकमतीचं मला फार कौतुक आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही. काबाच्या आत उभं असताना त्याने अंगावरच्या पांढऱ्या एहरामावरच, हजयात्रेच्या वस्त्रावरच, पेन्सिलीने तिथला नकाशा काढून घेतला. हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

शिडीवर उभी होते आणि मला मिरजेचे आमचे शेजारी चाचा आठवले. हजला निघायच्या आधी त्यांनी एहराम आम्हाला दाखवायला आणला होता. बिनशिवणीची दोन वस्त्रं, बस्स. "हे नेसलं की बेटा, सावकार कोण नि हमाल कोण, कळत नाही," म्हणाले. मी हात लावणार, तोच आईने आधी हात धुऊन यायला सांगितलं. बर्टनसाठी तेच कापड कागद झालं. दुसऱ्याचं पवित्र स्थान मापून न्यायचं, मायदेशी छापायचं, हा त्या काळच्या साहेबाला आपला हक्कच वाटत होता. मला ते खुपतं, आजही.

चाचांनी परत आल्यावर एहराम मक्केच्या पवित्र झमझम विहिरीच्या पाण्यात बुडवून, वाळवून, ट्रंकेत तळाशी ठेवला. पुढे अकरा वर्षांनी त्यांना त्याच्यातच गुंडाळून नेलं.