मांडवातली सूट

शनिवारी फेलोशिपमध्ये, म्हणजे आमच्या ख्रिस्ती प्रार्थनासभेत, जे झालं ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलेय, नाहीतर यहूद्यांच्या ह्या मांडवांच्या सणाच्या आठवड्यात मला पाठ टेकायलासुद्धा फुरसत नसते.

मी इथे इस्रायलमध्ये एका आजींची सेवा करायच्या कामाला आहे. आम्ही सातजणी मिळून तेल अवीवला सुट्टीपुरता एक फ्लॅट घेतलाय. तिथून जवळच्या हॉलमध्ये प्रार्थना असते. ह्या वेळी इंडियाहून टूर घेऊन आलेले एक पास्टर वचन सांगायला आले. प्रोजेक्टर लावला, आणि पडद्यावर बायबलमधल्या सणांचा तक्ता. वल्हांडण म्हणजे क्रूस, हिरवी टिक. प्रथमफळ म्हणजे पुनरुत्थान, हिरवी टिक. पेन्टेकॉस्ट म्हणजे पवित्र आत्मा, टिक. मग कर्ण्यांचा सण, प्रायश्चित्ताचा दिवस आणि मांडवांचा सण, ह्या तिघांपुढे लाल अक्षरात 'बाकी'. अगदी लाइट बिलासारखं. मांडवांचा सण म्हणजे प्रभूचं हजार वर्षांचं राज्य, जखऱ्याच्या चौदाव्या अध्यायात लिहिलंय की सगळी राष्ट्रं दरवर्षी हा सण पाळायला यरुशलेमला येतील, आणि आपण आलोयच की भाऊबहिणींनो! सगळे आमेन म्हणाले, मीही म्हणाले, खोटं कशाला बोलू. लहानपणापासून हेच ऐकलंय आणि ते चूक आहे असं माझं म्हणणं नाही.

पण शेवटी ते हसून म्हणाले, यहूदी बिचारे अजून छाया धरून बसलेत, शरीर आपल्याकडे आहे. सण ही पुढच्या गोष्टींची छाया आणि शरीर ख्रिस्ताचं, हे कलस्सैकरांच्या पत्रातलं वचन, मला पाठ आहे. तरी ते 'बिचारे' आणि ते हसणं कुठेतरी लागलं. शिवाय मी नगरची. मे महिन्यात आमच्याकडे रस्त्यावर एक बाभूळ दिसली तर माणूस सायकल थांबवतो, नगरच्या बाईसमोर कुणी 'नुसती छाया' म्हणू नये.

तर ही छाया. मी ज्या आजींचं बघते त्या अश्दोदला राहतात, पण मूळच्या अलिबागच्या, इस्रायल आळीतल्या. बेने इस्रायली, कोकणातले मराठी बोलणारे यहूदी. म्हणजे मी इतक्या लांब येऊन दिवसभर मराठीच बोलते, तीही अशी की माझ्या आजीच्या तोंडीसुद्धा नव्हती. त्यांच्या बाल्कनीत दरवर्षी मांडव उभा राहतो, त्याला सुक्का म्हणतात. लोखंडी पाइपचा सांगाडा, तीन बाजूंना कापड आणि वर खजुराच्या झावळ्या. छप्पर कापलेल्या झाडपाल्याचंच पाहिजे, उन्हापेक्षा सावली जास्त पाहिजे, पण रात्री फटींतून चांदण्या दिसल्या पाहिजेत. आणि वर उघडं आकाश पाहिजे, दुसऱ्याची बाल्कनी चालत नाही, म्हणून इथल्या कितीतरी बिल्डिंगींच्या बाल्कन्या एकाखाली एक नसून मुद्दाम डावी-उजवीकडे सरकवलेल्या असतात. पहिल्या वर्षी मला वाटलेलं की बिल्डरने घोळ घातलाय! आणि आत सजावट काय तर आपल्या नाताळच्या झिरमिळ्या, चमकणारे गोळे, लुकलुकणाऱ्या माळा. सगळा माल चीनचा. मी आजींना म्हटलं ह्या तर आमच्या, तर म्हणतात, "तुमचा तो पन आमचाच होता गो."

ह्या आजींची व्हीलचेअर बाल्कनीच्या उंबऱ्यावरून जात नाही. दोन इंचांचा उंबरा, पण पुढची चाकं आडवी होतात. मागून उचलायचं, टेकवायचं, मग पुढे ढकलायचं, सात दिवस, दिवसातून तीनदा. माझी कंबर गेली. परवा मी चिडून त्यांच्या मुलाला (यहूदी देवळात नेमाने जाणारा, मराठी समजतं पण उत्तर हिब्रूत देतो) विचारलं, की चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला बाहेर जेवायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय? तो म्हणाला, उलटं लिहिलंय. मिश्नामध्ये आहे, आजारी माणसाला सुक्क्यातून सूट. आणि त्याची सेवा करणाऱ्यालाही.

मी परत विचारलं. हो म्हणाला, सेवा करणाऱ्यालाही.

मिश्ना म्हणजे साधारण १८०० वर्षांपूर्वी एकत्र केलेले त्यांचे नियम. तेव्हा कुणीतरी बसून विचार केला की आजाऱ्याच्या उशाशी एक माणूस जागत असतो आणि त्याचंही काहीतरी मोजायला पाहिजे. आपल्याकडे दवाखान्यात पेशंटबरोबरची बाई खाटेखाली पेपर अंथरून झोपते आणि पहाटे वॉचमन तिला काठीने उठवतो. मला मान्य आहे की ही तुलना बरोबर नाही, एकीकडे ग्रंथ आणि एकीकडे वॉचमन, आणि रात्री चारदा उठवलं तर त्याचं काय ते इथल्याही कुठल्या ग्रंथात नाही. पण मला रडू आलं. गावाकडे विचारतात ना, आईला कुणाच्या भरवशावर टाकून गेलीस? भावजय बघते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन माझ्या पैशांनी झालं, दर महिन्याला पैसे जातात. हे इथे का लिहितेय मलाच माहीत नाही.

असो. गंमत म्हणजे सूट असूनही आजी आत बसत नाहीत. "सूट काय, घ्यायलाच पायजे का?"

तर पास्टरांच्या तक्त्यात मला काय खटकलं ते सांगते. त्यात पाऊस कुठेच नव्हता. हा सण खळं-द्राक्षकुंड आटोपल्यावरचा, आणि इथे उन्हाळाभर थेंब पडत नाही, म्हणजे आपला पाऊस संपत येतो तेव्हा ह्यांचा सुरू व्हायचा असतो. यरुशलेमचं मंदिर होतं तेव्हा सणात रोज शिलोहच्या तळ्यातून सोन्याच्या घागरीत पाणी आणून वेदीवर ओतायचे, पावसासाठीच. योहानाच्या सातव्या अध्यायात सणाच्या शेवटच्या मोठ्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने म्हणतो की कोणी तान्हेला असेल तर माझ्याकडे येऊन प्यावं, ते ह्या लोकांपुढे! सहा महिने आभाळाकडे बघणाऱ्या शेतकऱ्यांपुढे. हे वचन मी शंभरदा ऐकलंय पण ते पाण्याच्या सणात बोललं गेलं हे मला इथे येईपर्यंत कळलं नव्हतं. आणि जखऱ्यात जी राष्ट्रं सणाला येणार नाहीत त्यांना शिक्षा काय? आग नाही, तलवार नाही. त्यांच्यावर पाऊस पडणार नाही. मुंबईच्या माणसाला ही शिक्षा वाटणार नाही. पारनेर-पाथर्डीच्या माणसाला विचारा, टँकरची वाट बघत हंडे रांगेत लावलेले असतात तिथे.

आजींचा मुलगा म्हणाला, सणात सात दिवसांत सत्तर गोऱ्हे अर्पण व्हायचे, जगातल्या सत्तर राष्ट्रांसाठी. मी बायबलातल्या गणनेच्या पुस्तकाचा २९वा अध्याय काढून बेरीज केली, रोज एक कमी, तेरापासून सातापर्यंत, खरंच सत्तर भरतात. म्हणजे आम्ही राष्ट्रं तिथे शेवटच्या काळात पोचणार वगैरे आधीच आमच्या नावाने तिथे कुणीतरी उभं होतं. हे तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवायचं?

२०२३ ला ह्याच सणाच्या शेवटच्या दिवशी, ७ ऑक्टोबरला, सकाळी साडेसहाला हमासच्या हल्ल्याचा सायरन झाला. आजींना ममादमध्ये, म्हणजे घरातल्या बॉम्बपासून बचावाच्या खोलीत, नेताना ती खुर्ची मी उंबरे न बघता नेली. त्यानंतर कितीतरी दिवस झिरमिळ्या बाल्कनीत तशाच लोंबत होत्या, आणि मोबाइलवर गावाकडून भविष्यवाण्यांचे फॉरवर्ड, 'पाहा, पूर्ण होतंय'. मी ग्रुप म्यूट केला.

बरं, मीही काही कमी नाही. एकदा आजींना ऐकवलं की तुम्हाला तुमचं शास्त्र आमच्या मिशनने वाचायला दिलं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ ला मुंबईत, १८३१ ला नगरला, ह्यांच्या शाळांतून कोकणातली बेने इस्रायलींची पोरं शिकली. डॉ. जॉन विल्सन हे मिशनरी तर स्कॉटिश, त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. आजी शांतपणे तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "शिकवलं हो, उपकार झाले. पन आमी बाटलो नाय."

मग त्याच म्हणाल्या की त्याआधी कोकणात मांडवबिंडव नव्हताच. खिरीचा सण होता. नव्या धान्याची नारळाच्या रसातली खीर, ह्याच महिन्यात. हिब्रू विसरले, ग्रंथ गेले, तेल गाळून पोट भरायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली नाव पडलं, पण हंगामाला देवापुढे खीर ठेवायचं विसरले नाहीत. आणि एवढं सांभाळून इथे आल्यावर काय, तर तुम्ही खरे ज्यू का म्हणून शंका, १९६४ ला सरकारला संसदेत सांगावं लागलं की हेही पूर्ण यहूदीच. मला 'बिचारे' शब्दाचा राग का आला ते आता कळलं असेल.

सणात हातात धरायला एक फळ लागतं, एत्रोग. भिंगातून डाग बघून बघून घेतात, टोकाचा कोंब तुटला तर मोल गेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ओरडलेच, अहो हे तर महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं. आजींना केवढा आनंद, त्यांना तो शब्दच आठवत नव्हता.

सोमवारी सण संपला. मुलगा म्हणाला टाकून द्या, ह्यावर फार फवारणी असते. आजींनी ते दोन दिवस मिठाच्या पाण्यात ठेवायला लावलं, पाणी चारदा बदललं, मग मी फोडी केल्या, आत रस जवळजवळ नाहीच, नुसती जाड पांढरी साल. मीठ, मिरची, थोडा गूळ. बरणी फ्रीजवर आहे आणि रोज हलवायची जबाबदारी आजींनी स्वतःकडे घेतलीय, म्हणजे मी हलवायची आणि त्यांनी बघायचं. मुरलं की थोडं शनिवारी फेलोशिपला नेणार आहे. कशाचं आहे ते खाऊन झाल्यावर सांगेन.